सहीखालची तारीख

एसटीत आमदारांसाठी राखीव असलेल्या सीटवर एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर आलं होतं. कंडक्टरनं दाजीसाहेबांचा पास हातात घेऊन उलटसुलट पाहिला. पासावरच्या फोटोत दाजीसाहेबांचे केस काळे होते.

"माजी आमदार," कंडक्टर म्हणाला. तसं हळूच म्हणाला, पण शेवटच्या सीटपर्यंत गेलं. "उठा हो मावशे. आमदारांची सीट आहे."

"कोन आमदार?"

"हे काय. हे."

म्हातारीनं वर पाहिलं. दाजीसाहेब वरचा दांडा धरून उभे होते. धोतर पांढरंशुभ्र, वहाणेचा अंगठा मात्र शिवलेला.

"बसू द्या त्यांना," दाजीसाहेब म्हणाले. "मी पाच वेळा उभा राहिलोय. अजून एकदा राहतो."

कुणी हसलं नाही. सात वर्षांपूर्वी याच वाक्यावर अख्खा बाजारतळ हसला असता.

म्हातारी उठली, कोंबडीसकट. "बसा सायब. घोगरदरे सायब न्हवं तुमी? माझ्या घरी तुमचं पत्र हाय."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. गेली सात वर्षं हे वाक्य कानावर आलं की मी खिडकीबाहेर पाहत असे. घरात असलो तर कपाटाकडे.

"कशाचं पत्र?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"पोराला शिपाई म्हून घ्यावं म्हून दिल्यालं. धा सालं झाली की."

"झालं का काम?"

हे विचारायला नको होतं. पण जुनी सवय.

"न्हाई." भाजीत मीठ नव्हतं असं सांगावं तसं ती म्हणाली. "सहीखाली तारीख नव्हती ना. पर कागद लई चांगला व्हता, सायब. जाड. वर शिव्हांचं चित्र. आमच्यात तसला कागद पुन्ना आला न्हाई. पत्र्याच्या पेटीत ठिवलाय."

पुढच्या फाट्याला ती उतरली. दाजीसाहेब आपल्या सीटवर बसले ते मुंबईलाच उठले.

या तारखेचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

मी कागदोपत्री मराठीचा शिक्षक. दाजीसाहेबांच्या संस्थेच्या शाळेत एकोणीस वर्षं माझा पगार निघाला आणि त्या एकोणीस वर्षांत मी एकही तास घेतला नाही. अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला पहिल्याच दिवशी, वर्गात पाय ठेवण्याआधी उचललं आणि आपल्या टेबलाशी बसवलं. सगळे मला मास्तर म्हणत, हाच माझा आणि शिक्षणाचा संबंध. दाजीसाहेब तेव्हा नुकते आमदार झालेले होते. गावच्या सोसायटीचा सचिव, मग सरपंच, मग आमदार, मग सलग सात वर्षं मंत्री. तालुक्यात मुताऱ्या सोडल्या तर अशी इमारत नव्हती जिच्यावर त्यांचं नाव नव्हतं.

रोज दोनशे माणसं दारात असत. एकही माणूस रिकाम्या हातानं परत जाता कामा नये, असा त्यांचा दंडक होता. हात भरायला कागद पुरतो, हे त्यांना फार लवकर समजलं होतं. त्यामुळे प्रत्येकाला पत्र. बदली, नोकरी, विहीर, बंदुकीचा परवाना, काहीही. मजकूर तोच: 'सदर प्रकरणी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' मी टाइप करायचा, ते सही करायचे. मग कधीकधी माझ्याकडे न पाहता म्हणायचे, "मास्तर, तारीख टाका." तेवढ्या पत्रावर मी सहीखाली शाईनं तारीख घालत असे.

पत्राच्या माथ्यावर टाइप केलेली तारीख सगळ्यांनाच असे. ती शोभेची. सहीखाली हातानं घातलेली तारीख असली तर जिल्ह्यातला अधिकारी काम करायचा. नसली तर पत्र ठेवून द्यायचा आणि आलेल्या माणसाला चहा पाजायचा. शंभरात नव्वद पत्रं बिनतारखेची जात. ही सोय अधिकाऱ्यांना माहीत होती, मला माहीत होती, आणि भागवतला माहीत होती. भागवत सोनटक्के हा आमचा डाक वाटणारा कार्यकर्ता. सव्वीस वर्षांचा होता आला तेव्हा. सायकलवरून पत्रं पोचवायचा आणि दुपारी दाजीसाहेबांच्या स्वयंपाकघरात जेवायचा.

दहा-बारा वर्षं सुखात गेली. मग एक नायब तहसीलदार निवृत्त झाला. स्वतःच्या मुलासाठी दाजीसाहेबांचं पत्र घेऊन गेला आणि पाहतो तर तारीख नाही. जन्मभर ज्या खुणेवर त्यानं लोकांना चहा पाजला, ती खूण त्याच्याच हातात. तो तडक समोरच्या उमेदवाराकडे गेला. पुढच्या निवडणुकीत तो उमेदवार गावोगाव एवढंच म्हणत फिरला: "तुमच्या घरी घोगरदऱ्यांचं पत्र आहे ना? घरी जा. सहीखाली तारीख आहे का बघा."

त्या आठवड्यात तालुक्यातल्या सगळ्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. दाजीसाहेब एकतीस हजारांनी पडले. पक्षानं पुढच्या खेपेला तिकीट भागवतला दिलं, तो निवडून आला आणि दुसऱ्याच वर्षी मंत्री झाला. दाजीसाहेब त्याला भेटायला गेले नाहीत. भागवत दिवाळीला यायचा, तेव्हा ते मळ्यात जाऊन बसायचे.

आणि आता आम्ही त्याच्याकडे चाललो होतो. कारण कुमुद.

कुमुद ही दाजीसाहेबांची एकुलती एक मुलगी. नवरा ग्रामसेवक होता, नोकरीत असतानाच गेला. अशा माणसाच्या बायकोला त्याच खात्यात अनुकंपा म्हणून नोकरी मिळते. पण एक अट असते. पंचेचाळिशी पूर्ण झाली की यादीतून नाव जातं. कुमुदचा नंबर लागला होता. चार जागा होत्या आणि ती चौथी होती. फाईल आठ महिने एका टेबलावर पडून होती. आणि बावीस तारखेला कुमुद पंचेचाळीस वर्षांची होणार होती. आज दोन तारीख होती.

निघताना ती म्हणाली होती, "बाबा, नाही गेलात तरी चालेल. मी करीन काहीतरी."

"काय करशील?"

तिनं आमच्या पिशवीत डबा ठेवला. दोन मुलं, एक बारावीत आणि एक नववीत. आणि बी.ए.ची पदवी, तीही दाजीसाहेबांच्याच कॉलेजची, म्हणजे काय लायकीची ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"हक्काचंच तर आहे," दाजीसाहेब म्हणाले. "आयुष्यभर लोकांना नाही ते देतो म्हणालो. हे तर आहे तेच मागायचंय."

भागवतच्या बंगल्यावर दोनशे माणसं होती. मी दाजीसाहेबांकडे पाहिलं. तेही मोजत असावेत. आम्ही चिठ्ठी आत पाठवली आणि भिंतीलगतच्या बाकावर बसलो.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "बोलायचं ते मी बोलेन. माझ्या डोळ्यांना आता दिसत नाही. तुम्ही फक्त सही बघा."

"बघतो."

आतून माणसं बाहेर येत होती. आमच्याच जिल्ह्यातला एक पागोटेवाला दारातच थांबला, पत्र डोळ्यांजवळ नेलं आणि ओरडला, "हाय! तारीख हाय रं! सहीखाली हाय बघ!" त्याच्या पोरानं ते पत्र कपाळाला लावलं. मागोमाग एक शिक्षिका बाहेर आल्या. त्यांनीही आधी सहीच पाहिली आणि पदरानं डोळे टिपले. मग दोन पैलवान. मग एक अख्खी भजनी मंडळी. जो बाहेर येई तो तारीख पाही आणि हसत जाई.

"सगळ्यांना देतोय," दाजीसाहेब म्हणाले. आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव आला होता. "दिलदार निघाला पोरगा. माझ्यात नव्हतं ते."

तेवढ्यात दार उघडलं आणि भागवत स्वतः बाहेर आला. अंगानं भरला होता. दोनशे माणसांदेखत त्यानं वाकून दाजीसाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं. नुसतं वाकल्यासारखं नाही. कपाळ टेकवलं.

"दाजी! फोन करायचा ना, गाडी पाठवली असती. एसटीनं आलात?"

"सीट राखीव असते," दाजीसाहेब म्हणाले.

आत नेऊन त्यानं त्यांना स्वतःच्या खुर्चीशेजारी बसवलं. चहा आला तसा तो शिपायावर खेकसला, "बशी आण! दाजी बशीनं पितात." मग माझ्याकडे वळला. "मास्तर, केस पांढरे झाले की हो तुमचे. अक्षर तसंच आहे ना?"

"ते पांढरं होत नाही," मी म्हणालो.

दाजीसाहेबांनी कुमुदचं सांगितलं. सरळ सांगितलं. त्यांच्या तोंडून एवढं कमी शब्दांतलं भाषण मी कधी ऐकलं नव्हतं. भागवतनं मध्येच चहाचा कप खाली ठेवला.

"आठ महिने? आणि तुम्ही आज सांगताय? दाजी, ताईच्या हातचं पिठलं खाऊन मी सायकल हाणलीय तीन वर्षं. थिटे!"

थिटे म्हणजे त्याचा सहायक, माझ्या जागेवरचा माणूस. भागवतनं उभ्या उभ्या मजकूर सांगितला, थिट्यांनी टाइप करून आणला. 'सदर प्रकरणी सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा.' शब्दसुद्धा बदलला नव्हता. भागवतनं सही केली. मोठी, ठसठशीत.

आणि पेनाला टोपण लावलं.

मी पाहत राहिलो. त्यानं वर पाहिलं, त्याची आणि माझी नजर भेटली आणि तो हसला. जुन्या ओळखीचं हसू. "बघून घ्या मास्तर. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मंत्र्याला 'तारीख टाका' म्हणणं म्हणजे तोंडावर 'तुम्ही खोटं बोलताय' म्हणण्यासारखं. एकोणीस वर्षांत मला कुणी तसं म्हणालं नव्हतं, आणि म्हणूनच आम्ही टिकलो होतो.

दारापर्यंत सोडायला येताना भागवत म्हणाला, "दाजी, मी नवं काही करत नाही. तुमचंच शिकलेलं चालवतोय. काळाप्रमाणे थोडं बदललं, एवढंच."

बंगल्यासमोर रस्त्यापलीकडे वडाला पार होता. दाजीसाहेब तिथे टेकले. मी शेजारी उभा राहिलो आणि पाकीट पिशवीत घालू लागलो.

"मास्तर. तारीख?"

"पाणी आणू का?"

"तारीख विचारतोय मी."

"नाही."

समोरून आणखी दोन माणसं पत्र नाचवत बाहेर पडली.

"त्या पागोटेवाल्याला आहे."

"हो."

"भजनवाल्यांनाही."

"हो, दाजीसाहेब."

"आणि मला नाही." ते हसले. ते हसू मला अजून आवडत नाही. "पाया पडला तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. ज्याचं काम करायचं नसायचं त्याच्या गळ्यात मीही असाच पडायचो. काम करायचं त्याला कशाला मिठी मारायची? त्याला काम मिळतंय की."

"कदाचित विसरला असेल."

"मास्तर, तुम्ही कधी विसरलात?"

मी नाही कधी विसरलो. एकदाही.

मग ते म्हणाले, "पेन आहे?"

मला कळलं. कळूनही मी विचारलं, "कशाला?"

"हजारो वेळा टाकलीय तुम्ही."

"तुमच्या सहीखाली."

"हात तर तोच आहे."

"साहेब, मंत्र्याचं पत्र आहे. गुन्हा आहे हा."

"आपण जे करत होतो ते काय होतं?" ते शांतपणे म्हणाले. मग माझ्या मनगटावर हात ठेवला. "साहेब म्हणून सांगत नाही, मास्तर. साहेब कधीचाच गेला. पोरीचा बाप म्हणून हात जोडतो. वीस दिवस राहिलेत."

आणि त्यांनी खरंच हात जोडले. भर रस्त्यात, ज्या माणसानं जन्मात हात जोडले ते फक्त पोस्टरवर.

माझ्या पेनात निळी शाई होती, भागवतची सही काळ्या शाईत. कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून मी काळं पेन घेतलं. फाईल मांडीवर ठेवली, फाईलवर पत्र ठेवलं आणि सहीखाली त्या दिवसाची तारीख घातली. दोनाचं शेपूट छान वळलं. चांगलं अक्षर ही फार वाईट गोष्ट आहे. कुठेही लावलं तरी चांगलंच येतं.

दाजीसाहेबांनी पत्र डोळ्यांजवळ नेलं. दिसत नव्हतं, तरी पाहिलं. मग त्याची एक झेरॉक्स काढायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही जिल्ह्याच्या कचेरीत होतो. अधिकाऱ्यांचं नाव देसले. नवे होते, पण दाजीसाहेबांना पाहून उठले. पत्र हातात घेताना चेहऱ्यावर हसू होतं.

"अरे वा. साहेबांचं आहे का? मग काय..." ते वाचत खाली आले आणि सहीपाशी थांबले. हसू गेलं. मला वाटलं, पकडलं. पण देसल्यांनी पत्र उजेडात धरून पाहिलं नाही, मला काही विचारलं नाही. त्यांनी दाजीसाहेबांकडे पाहिलं. कधीकाळी मोठा असलेल्या माणसाकडे लोक पाहतात तसं. कीव म्हणतात ती हीच असावी.

"बसा साहेब," ते म्हणाले. "चहा घेऊनच जायचं."

"चहा नको. काम?"

"करतो ना. मंत्रीसाहेबांचं पत्र आहे म्हटल्यावर. चहा घ्या हो."

आम्ही चहा घेतला. बशी कुणी आणली नाही. बाहेर पडल्यावर दाजीसाहेब माझ्या खांद्याला धरून जिने उतरले आणि खाली आल्यावर म्हणाले, "झालं." सात वर्षांत त्यांचा चेहरा तसा मी पाहिला नव्हता. स्टँडवर त्यांनी कुमुदसाठी पावशेर पेढे घेतले.

चहाचं माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण आपण बनवलेलं औषध आपल्यालाच दिलं जातंय, हे कुणाच्या लक्षात येतं?

चौदा तारीख गेली. अठरा गेली. मी दोनदा देसल्यांकडे जाऊन आलो, दोनदा चहा प्यालो. बावीस तारखेला कुमुदनं मुलांसाठी शिरा केला. तो कुणी संपवला नाही. आठवड्यानं कागद आला: वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे श्रीमती अमुकअमुक यांचे नाव प्रतीक्षा यादीतून वगळण्यात येत आहे.

दाजीसाहेबांनी मला तो कागद दोनदा वाचायला लावला.

"फोन केला असणार त्यानं मागून," ते म्हणाले. "'तारीख मी टाकलेली नाही' म्हणून. आणि बोभाटा केला नाही, तो उपकार. पक्का तयार झालाय."

त्यानंतर ते चौदा महिने जगले. जगले म्हणायचं. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा भागवत भेटायला आला. कुमुद उशाशी बसली होती. भागवत पलंगाच्या कडेला बसला, त्यांचा हात हातात घेतला. "दाजी, मी भागवत. ओळखलंत का?"

दाजीसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं. "नाही," म्हणाले.

भागवत अर्धा तास त्यांच्या पाठीवर हात ठेवून तसाच बसला. जाताना अंगणात मला म्हणाला, "मास्तर, दाजी माझ्यावर रागावलेत का? माझं काही चुकलं?"

त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. मी म्हणालो, "आजारी माणूस. मनावर घेऊ नका."

शोकसभा बाजारतळावरच झाली. भागवत बोलायला उभा राहिला आणि तिसऱ्या वाक्याला रडायला लागला. खरं रडणं होतं. माईकमधून नाक ओढल्याचा आवाज येत होता. मी मागे, खुर्च्यांच्या थप्पीपाशी उभा होतो. शेजारी थिटे.

मला राहवलं नाही. "रडतायत बाकी छान," मी म्हणालो. "जिवंतपणी निदान एक तारीख टाकली असती तर बरं झालं असतं."

थिटे माझ्याकडे वळले. "कसली तारीख?"

"कुमुदच्या पत्रावर. सगळ्या जगाला दिली, दाजीसाहेबांना नाही."

"अहो मास्तर," थिटे चकित होऊन म्हणाले, "नाही दिली म्हणून तर! तुम्हाला माहीत नाही? तुमची ती खूण निवडणुकीत चव्हाट्यावर आली. तेव्हापासून माणूस पत्र हातात आलं की आधी तारीख बघतो. मग साहेबांनी मंत्री झाल्यावर पहिल्याच आठवड्यात अधिकाऱ्यांना सांगून टाकलं. तारीख असेल ते ठेवून द्यायचं, नसेल ते करायचं. लोक खूश, आपण मोकळे. आजवर बिनतारखेची किती पत्रं गेलीत, सांगू? अकरा. त्यात एक तुमचं."

व्यासपीठावर भागवत म्हणत होता, "माझ्या हातात जे काही आहे, ते या माणसानं दिलेलं आहे."

"साहेबांना वाटलं, तुम्हाला ठाऊकच असणार," थिटे म्हणाले. "तुम्ही तर या कलेचे गुरू. बरं, ताई रुळल्या ना नोकरीत? साहेबांनी मुद्दाम पुन्हा विचारलं नाही. म्हणाले, विचारलं तर दाजींना उपकार केल्यासारखं वाटेल. मागे आलो तेव्हा त्या घरीच होत्या, रजा काढली असेल वडिलांसाठी."

त्या पागोटेवाल्याचं पत्र मला आठवलं. त्या बाईंनी टिपलेले डोळे आठवले. तिथे, त्या बाकावरच हे कळायला हवं होतं. दोनशे माणसांची कामं कुठलाच मंत्री करत नाही. एकोणीस वर्षं मी दुसरं शिकलो तरी काय?

"यादीतून एकदा नाव गेलं," मी विचारलं, "तर परत लागतं का हो?"

"छे. गेलं की गेलं. का?"

माझ्या निवृत्तीला सात महिने होते. मंत्र्याच्या पत्रात लिहिणाऱ्याला निवृत्तिवेतन मिळतं की नाही, हे मला नक्की ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं.

"सहज," मी म्हणालो. "रुळली ती. छान रुळली."

थिट्यांना बरं वाटलेलं दिसलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. कुमुद आता शाळेत पोरांची खिचडी शिजवते. शाळेच्या कमानीवर तिच्या वडिलांचं नाव आहे, पैकी 'दाजी' गळून पडलंय. भागवतही पडला मधल्या काळात. त्याची खूणही कुणीतरी फोडली म्हणतात. आता नवा कोण आहे, त्याची खूण काय आहे, देव जाणे.

मी महिन्या-दोन महिन्यांनी कुमुदकडे जातो. ती चहा करते. दाजीसाहेबांच्या फोटोखाली तिनं ती झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून लावली आहे. उशीखाली सापडली म्हणाली.

परवा ती त्या कागदाकडे पाहत उभी राहिली. "मास्तरकाका," म्हणाली, "बाबा शेवटपर्यंत भागवतदादांना शिव्या देत होते. पण दादांनी तर तारीख टाकली होती. ही काय, दिसतेय ना. म्हणजे त्यांनी त्यांचं केलं होतं. मग मध्ये अडवलं कुणी?"

माझ्या हातात कप होता. मी फोटोकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"राजकारण असतं, बाई," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. दाजीसाहेबांची मुलगी, तिला ते पटलं. पदरानं प्लास्टिकवरची धूळ पुसली आणि खिचडीला उशीर होतोय म्हणून निघून गेली.

मी बसून राहिलो. झेरॉक्स आता फिकट झाली आहे. वरचा मजकूर वाचता येत नाही, सहीसुद्धा निम्मी गेली. तारीख मात्र स्पष्ट दिसते. मराठीच्या शिक्षकाचं अक्षर आहे.